मोटर जळाली, खात्यात पैसे आहेत; मग खर्चाचा अधिकार नेमका कुणाचा?

मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातल्या एका सरपंचताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगतो. गाव अठ्ठावीसशे लोकवस्तीचं. ताई पहिल्यांदाच निवडून आल्यात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाणीपुरवठ्याच्या बोअरची मोटर जळाली. पंधराव्या वित्त आयोगाच्या खात्यावर नऊ लाखांवर शिल्लक दिसते, पण ग्रामसेवक म्हणतात, "काम आराखड्यात नाही, पैसे निघणार नाहीत." पंचायत समितीत गेल्या तर तिथं ऐकायला मिळालं, "ग्रामपंचायत स्वायत्त आहे, तुमचं तुम्ही ठरवा." ताईंनी शेवटी विचारलंय, "ठरवायचं आम्ही, पण खर्च करायचा नाही, मग सरपंच कशाला केलं?"

मी करमाळा आणि सांगोल्यात ग्रामसेवक होतो, नंतर मोहोळ आणि माढ्यात विस्तार अधिकारी. मिळून तीस-एकतीस वर्षं हेच केलं. 'होत नाही' म्हणणाऱ्या खुर्चीत मी बसलोय आणि ते ऐकून बाहेरच्या बाकावर चहा पीत बसणाऱ्यांतही बसलोय.

ताई, तुम्हाला दोघांनीही खोटं सांगितलेलं नाही. फक्त दोघांनीही अर्धंच सांगितलं. मोटर बदलायचा अधिकार तुमच्या ग्रामपंचायतीला आहे, त्याबद्दल कुणाचा वाद नाही. गावाला पिण्याचं पाणी देणं हे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ खालच्या कामांपैकी एक आहे. अडलंय ते दुसरीकडे. मोटरीचा खर्च कोणत्या खिशातून टाकायचा आणि त्या खिशावर तुमच्या गावानं आधी काय लिहून ठेवलंय, हा खरा प्रश्न आहे. स्वायत्तता म्हणजे मोकळं पाकीट नव्हे. पाकिटाला कप्पे आहेत, आणि कुठल्या कप्प्यात बोट घालायचं हे ठरवण्यापुरती तुमची सत्ता आहे. ती कमी वाटते, पण वापरली तर पुष्कळ आहे.

एक आधी कबूल करतो. तुमच्या गावाची वसुली किती, वित्त आयोगाची शिल्लक कोणत्या प्रकारातली, चालू आराखड्यात काय काय घेतलंय, टंचाई जाहीर आहे का, यावर उत्तर फिरतं. निविदेच्या मर्यादेसारख्या गोष्टी शासन निर्णयानं बदलत राहतात. तेव्हा मी सांगतो तो हिशोब समजून घ्या आणि आकडे तुमच्या दप्तरातून घाला.

आता कप्पे. वित्त आयोगाचा पैसा बघून लोकांना वाटतं, आला म्हणजे आपला झाला. चौदाव्या आयोगात, म्हणजे २०१५ ते २०२० मध्ये, तो सगळा थेट ग्रामपंचायतीला यायचा. पंधराव्यात आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला १०-१० टक्के असा वाटा झाला. तुमच्या वाट्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामालाच वापरायचा. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवायचा नाही. म्हणजे शंभर रुपये आले तर तीस पाण्याचे, तीस स्वच्छतेचे आणि चाळीसच गावाच्या मर्जीचे. पंधराव्याचा काळ २०२५-२६ पर्यंतचा. पुढच्या आयोगात टक्के बदलले तरी बंधित-अबंधित हा हिशोब डोक्यात ठेवायला हरकत नाही.

म्हणून पहिलं काम: ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय) नऊ लाखांची फोड एका कागदावर लिहून मागा. पाण्याचे किती, स्वच्छतेचे किती, अबंधित किती, आणि त्यातले कोणत्या मंजूर कामासाठी आधीच अडकलेले किती. मी पैजेवर सांगतो, नऊ लाखांतले मोकळे पैसे तुम्हाला वाटतात त्याच्या निम्मेही नसतील. पण मोटर हे पिण्याच्या पाण्याचंच काम आहे. पाण्याच्या बंधित भागात शिल्लक असेल तर ती त्यात बसते, त्यासाठी अबंधितला हात लावायचीही गरज नाही. आणि पाण्याचा भाग संपलेला असून स्वच्छतेचं सगळं काम गावात खरोखर पूर्ण झालं असेल, तर तसं ग्रामसभेनं नमूद करून त्या भागातला पैसा पाण्याकडे वळवायची सोय आयोगानंच ठेवलेली आहे. सहसा कुणी वापरत नाही, कारण 'स्वच्छता पूर्ण' असं लिहायला गटारं बघून कुणाचा हात धजत नाही.

राहिला ग्रामसेवकांचा मुद्दा, की आराखड्यात नाही. तो मुद्दा खरा आहे. 'आमचं गाव आमचा विकास' खाली वार्षिक आराखडा होतो, तो ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढतो, आणि २०२० पासून देयकही त्याच साखळीतून निघतं. आराखड्यात जे काम नाही त्याचं देयक तिथं तयारच होत नाही, तिथं कुणाची विनवणी चालत नाही. पण आराखडा हा दगडावरचा शिलालेख नाही. नोटिशीचे दिवस मोजून विशेष ग्रामसभा लावा, गणसंख्या भरवा (मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती), काम पूरक आराखड्यात घ्या, उपअभियंत्यांकडून अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता घ्या. दोन-तीन आठवडे लागतील.

तोपर्यंत लोकांनी काय प्यायचं, हे तुम्ही विचारणारच. तोपर्यंत दोन वाटा. एक, ग्रामनिधी (गावाच्या स्वतःच्या वसुलीचा पैसा) आणि पाणीपट्टीचं खातं. तिथं शिल्लक असेल तर मासिक सभेचा ठराव, तीन दरपत्रकं, काम, देयक, चार दिवसांत पाणी. दुसरी वाट टंचाईची. टंचाई आराखड्यात गाव असेल तर खाजगी विहिरीचं किंवा बोअरचं अधिग्रहण तहसीलकडून होतं, नळ योजनेची विशेष दुरुस्तीही त्याच शीर्षाखाली मागता येते. मार्चमध्ये अर्ज टाकला तर मेपर्यंत हाती लागतं. म्हणून टंचाईचा अर्ज आजच टाका, मोटर दुसऱ्या पैशानं बसली तरी. दुसरी मोटर जळणार नाही याची हमी मोटर भरून देणारा वायंडरही देत नाही.

इथं माझीच एक गोष्ट सांगतो. २००३ चा उन्हाळा होता. जिल्हाभर टँकर आणि चारा डेपो. माझ्याकडे सांगोल्यातलं एक गाव होतं. तिथली मोटर अशीच जळाली. रात्री नऊला चैन-कप्पी लावून पाइप ओढले. मोटर वर आली तेव्हा जळक्या वार्निशचा वास सगळ्या वस्तीत पसरला होता. बायका घागरी घेऊन तिथंच उभ्या. सरपंच म्हणाले, "भाऊसाहेब, कागद उद्या, पाणी आज." मीही हो म्हणालो. तालुक्याच्या दुकानातून उधारीवर मोटर आणली, दुसऱ्या दिवशी दुपारी नळाला पाणी आलं. लोकांनी हार घातला. आठवड्यानं वित्त आयोगाच्या खात्यातून १७,४०० रुपयांचा चेक दिला आणि ठराव मागची तारीख न टाकता खऱ्या तारखेनं लिहिला. दुकानाचं बिल ठरावाच्या नऊ दिवस आधीचं, अंदाजपत्रक नाही, तांत्रिक मान्यता नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप निघाला: 'मान्यतेशिवाय खर्च, वसुलीपात्र'. तो आक्षेप माझ्यामागं सात वर्षं फिरला. तीन गावं बदलली, आक्षेप माझ्यासोबत बदलीवर आला. शेवटी निम्मी रक्कम मी भरली, निम्मी त्या सरपंचांनी. हार घालणाऱ्यांपैकी तेव्हा कुणी आलं नाही, आणि मला त्याचा रागही नाही. पण तेव्हापासून मी एक करतो: आणीबाणी यायच्या आधी तिचा ठराव करून ठेवतो.

म्हणजे कसं, तर वर्षाच्या पहिल्याच मासिक सभेत ठराव घ्यायचा. 'पाणीपुरवठ्याच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी ग्रामनिधीतून अमुक रकमेपर्यंत खर्चास मान्यता, दरपत्रकं अमुक अमुक वस्तूंसाठी घेऊन ठेवली आहेत.' मोटर, केबल, स्टार्टर, वायंडिंग यांचे दर एप्रिलमध्येच घेऊन ठेवायचे. ग्रामपंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात त्या नावाची तरतूद हवी. मग जूनमध्ये मोटर जळाली तर तुम्ही नियम मोडत नाही, तुम्ही तुमचाच ठराव अमलात आणता. आर्थिक स्वायत्तता कागदावर अशी दिसते.

आता ज्याच्यावर कुणी बोलत नाही ते. ताई, तुमच्या डिजिटल सहीचा डोंगल कुठे आहे?

वित्त आयोगाचं देयक सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीनं निघतं. मी मोहोळकडे असताना एका ग्रामपंचायतीत तपासणीला गेलो. सरपंच महिला, त्या दिवशी शेतात खुरपायला गेलेल्या. मी संगणक परिचालकाला म्हटलं, देयक कसं काढतोस ते दाखव. पोरानं टेबलाचा खण उघडला. आत दोन डोंगल, रबर बँडनं एकत्र बांधलेले. एकावर चिकटपट्टीवर 'स' आणि दुसऱ्यावर 'ग्रा'. पिन खणाच्या आतल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेला. ओटीपी सरपंचांच्या नावावरच्या सिमवर यायचा आणि ते सिम त्यांच्या दिरांच्या मोबाइलमध्ये. पोरगा गुणी होता, लबाडी एका पैशाची नव्हती. पण त्या गावाची सत्ता त्या खणात होती, आणि ती बाई पाच वर्षं सभेत अध्यक्षस्थानी बसत होती.

महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत, त्यामुळं हा खण मी एकाच तालुक्यात बघितलेला नाही. तुमच्या नावच्या सहीनं निघालेल्या चुकीच्या देयकाची जबाबदारी तुमची. गैरवर्तन सिद्ध झालं तर कलम ३९ खाली पदावरून काढतात ते तुम्हाला, दिरांना नाही. तेव्हा डोंगल घरी आणा, पिन बदला, मोबाइल नंबर स्वतःचा नोंदवा. आणि सही करताना समोर तीन कागद मागा: ठराव, मोजमाप पुस्तिकेचं पान, ठेकेदाराचं बिल. तिन्हीतली रक्कम आणि कामाचं नाव जुळलं तरच सही. पहिले दोन महिने ग्रामसेवक कुरकुर करतील, तिसऱ्या महिन्यात स्वतःच तिन्ही कागद टाचून आणतील. चांगल्या ग्रामसेवकाला असा सरपंच आवडतो, कारण त्याचीही मान वाचते.

पुढचा भाग तुम्ही विचारलेला नाही, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथंच आहे. तुमच्या ग्रामनिधीत पैसे का नाहीत?

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनं अकराव्या अनुसूचीत पंचायतींना २९ विषय दिले. दिल्ली-मुंबईहून योजना येतात, त्यांच्या अटीही येतात. ज्याचा पैसा त्याची अट, यात नवल नाही. ज्या पैशावर गावाचीच अट चालते तो पैसा एकच: घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचं भाडं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ढोबळ हिशोब करू. समजा सहाशे घरं, सरासरी घरपट्टी पाचशे, म्हणजे मागणी तीन लाख. वसुली ४५ टक्के धरली तर हातात १,३५,०००. त्यातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याण १०, दिव्यांग ५, म्हणजे ३० टक्के आधीच नावावर लागलेले. कर्मचाऱ्यांवर ३५ टक्के धरा. उरले ४७,२५०. त्यात वर्षभराची टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर), बल्ब, स्टेशनरी, नळाचे वॉल. मोटर बसत नाही. तीच वसुली ८५ टक्के झाली तर उरतात ८९,२५०. म्हणजे एक मोटर आणि वर थोडं. दर न वाढवता, फक्त मागितलेलं गोळा करून. शिवाय कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातला शासनाचा वाटाही वसुलीशी बांधलेला आहे, तोही सुधारतो.

आणि मागणीच मुळात खरी आहे का, ते बघा. नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, उघडा. २०१५ च्या अखेरीस नियम बदलून घरपट्टी भांडवली मूल्यावर आली: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, वापर. आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते. सांगोल्यात मी डाळिंबाच्या पैशावर उठलेले दुमजली बंगले बघितलेत, पुढे ग्रॅनाइटची पायरी, आणि नमुना ८ वर 'दगड-माती, पत्रा, २० × १५'. आजोबांच्या नावावर. मोजायला टेप घेऊन गेलं की आतून चहा येतो आणि मग मोजणी राहून जाते. मी स्वतः असे चहा प्यालेत, नाकारत नाही.

कर मागायला सरपंचाला लाज वाटते, कारण पुढच्या निवडणुकीत मतं मागायचीत. थेट सरपंच निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. थेट निवड झाली की ही भीती आणखी वाढते. माझा अनुभव वेगळा आहे. लोक कराला विरोध करत नाहीत, शेजाऱ्याला सूट मिळाली तर करतात. म्हणून सुरुवात स्वतःच्या घरापासून. तुमचं घर पंचांसमोर मोजा, तुमची पट्टी पहिल्या दिवशी भरा, पावती नोटीस बोर्डावर लावा. मग सदस्यांची. मागणी झाल्यावर मुदतीत कर न भरणारा सदस्य कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो, हे त्यांना सभेत हळूच वाचून दाखवा, आवाज न चढवता. मग गावातले पाच मोठे बंगले. तोपर्यंत उरलेलं गाव स्वतःच येतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावानं कर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं, ते जगाला माहीत आहे. तुम्हाला तेवढं जमेलच असं नाही, पण कर भरलेल्या गल्लीचा दिवा आधी दुरुस्त करायला कुणी अडवत नाही. थकबाकीदारांसाठी मागणी बिल, मग कलम १२९ ची पुढची पायरी आणि लोकअदालतीतला तडजोडीचा दिवस. जप्ती मी नोकरीत दोनदाच केली, दोन्ही वेळेला ट्रॅक्टर दारातून हलायच्या आत पैसे आले.

गावाच्या हद्दीत साखर कारखाना असेल तर करांऐवजी ठोक रकमेचा करार करता येतो, तो जुना असेल तर नव्यानं बोला. मोबाइल टॉवर आहे का, त्याची आकारणी झाली का? आठवडे बाजाराचा लिलाव खरंच बोलीनं होतो, की दरवर्षी त्याच माणसाला? गाळे बांधायचे असतील तर जिल्हा ग्रामविकास निधीतून कर्ज मिळतं. तुमची ग्रामपंचायतही त्यात दरवर्षी पैसे भरते. यातलं सगळं तुमच्याकडे नसेल. मंगळवेढ्याच्या त्या पट्ट्यात ज्वारी असते आणि ज्वारीवर ग्रामपंचायतीचा कर नाही.

एक विचारलं नाहीत पण प्रश्नात दिसतं: 'वरून' सुचवलेला ठेकेदार. कुणी फोनवर नाव सुचवलं तर वाद घालू नका. "त्यांना दरपत्रक द्यायला सांगा, सभेत ठेवते," एवढंच म्हणा. सर्वांत कमी दर त्यांचाच असेल तर काम त्यांना द्या, बिघडत नाही. नसेल तर सभेचा ठरावच उत्तर देतो, तुम्हाला द्यावं लागत नाही. तोंडी सूचना पाळायची वेळ आली तर लेखी मागा. निम्म्या सूचना लेखी येतच नाहीत.

तर आजच्या मोटरीसाठी क्रम असा. उद्या शिल्लकेची फोड. ग्रामनिधीत असेल तर तातडीची मासिक सभा आणि काम. नसेल तर टंचाईतून अधिग्रहण, समांतर विशेष ग्रामसभा आणि पूरक आराखडा, मग पाण्याच्या बंधित भागातून मोटर. देयकावर सही तुमच्याच हातानं.

आणि जुनी मोटर दुकानदाराकडे सोडू नका. तो म्हणेल, "राहू द्या ताई, भंगारात काढतो." तिच्यात तांबं असतं, आणि ते तांबं ग्रामपंचायतीचं आहे. वजन करून जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत घ्या, वर्षातून एकदा भंगाराचा जाहीर लिलाव करा आणि पावती फाडून पैसे ग्रामनिधीत जमा करा. थोडेच होतील. पण हा पैसा कुठल्या आयोगाचा नसेल.